सिंहाच्या गाण्याचा धनी कोण?

डिस्नेच्या ‘द लायन किंग’ या १९९४ मधील चित्रपटात एक छोटासा प्रसंग आहे. टिमॉन नावाचा मीरकॅट आणि पुम्बा नावाचा रानडुक्कर गाणे म्हणत जंगलातून चालले आहेत. सिंह झोपी गेल्याचे ते गाणे आहे आणि नेमक्या त्याच वेळी एक सिंहीण गवताआड दबा धरून बसली आहे. काही क्षणांतच गाणे तुटते आणि पाठलाग सुरू होतो. हा विनोद साधतो याचे कारण एकच. जगभरातील प्रेक्षकाला ते गाणे चित्रपटाआधीच ठाऊक असते.

‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे ते गाणे होय. १९६१ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यानंतर चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, जाहिराती, शाळांची स्नेहसंमेलने आणि मुलांची शिबिरे अशा सर्व ठिकाणी ते पोहोचले. दीडशेहून अधिक कलावंतांनी ते ध्वनिमुद्रित केल्याचे सांगितले जाते. मात्र ज्याच्या कंठातून ही चाल प्रथम उमटली, त्या सॉलोमन लिंडा या झुलू गायकाचे नाव कित्येक दशके या गाण्याच्या आवरणावर नव्हते. गाणे जितके लोकप्रिय होत गेले, तितके त्याचे नाव मागे पडत गेले. हे कसे घडले आणि त्यातून कोणता न्याय झाला, याचा हा आढावा.

पोमेरॉय ते जोहान्सबर्ग

सॉलोमन लिंडा यांचा जन्म १९०९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, पोमेरॉय या गावाजवळ झाला. हा झुलू लोकांचा प्रदेश. मिशनऱ्यांच्या शाळेत त्यांना प्रार्थनागीते आणि पाश्चात्त्य पद्धतीचे समूहगान ऐकायला मिळाले. घरच्या लग्नकार्यात गायली जाणारी झुलू गाणी तर अंगवळणीच पडलेली होती. या दोन प्रवाहांच्या संगमातून त्यांची गायकी घडली.

त्या काळातील इतर असंख्य तरुणांप्रमाणे १९३१ मध्ये लिंडा पोटापाण्यासाठी जोहान्सबर्गला गेले. सोन्याच्या खाणींमुळे उभ्या राहिलेल्या या शहरात काळ्या मजुरांना गाव सोडून येणे भाग होते. पण शहर त्यांचे नव्हते. सरकारी परवान्याशिवाय वावरता येत नसे आणि राहायला कामगारांची वसतिगृहे असत. या वसतिगृहांमध्ये आठवडाभराच्या कष्टानंतर शनिवारी रात्री गायनाच्या स्पर्धा रंगत. एकाच पेहरावातील पुरुषांचे चमू रात्रभर गात आणि निकाल पहाटे लागे. परीक्षक कुणाच्याही बाजूचा नसावा म्हणून काही वेळा रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी गोऱ्या माणसालाच बोलावून बसवले जाई.

लिंडा यांनी फर्निचरच्या दुकानात आणि नंतर हॉटेलात नोकरी केली. सोबत गावाकडच्या मित्रांना घेऊन त्यांनी ‘इव्हनिंग बर्ड्‌स’ हा चमू बांधला. पट्ट्यापट्ट्यांचे सूट, डोक्यावर गोल हॅट, खाली जाड आवाजांची भक्कम बैठक आणि त्यावर तरंगणारा लिंडा यांचा उंच, बारीक स्वर ही या चमूची ओळख बनली. पूर्वी अशा चमूंमध्ये खालचा सूर एखादाच गायक सांभाळीत असे. लिंडा यांनी तेथे अनेक गायक उभे केले. त्यामुळे गाण्याला जो वजनदार नाद आला, तो पुढे अनेकांनी उचलला.

ध्वनिमुद्रिका १९३९ ची

गॅलो ही दक्षिण आफ्रिकेतील अग्रगण्य ध्वनिमुद्रिका कंपनी. कंपनीसाठी नवे कलावंत शोधणारे ग्रिफिथ्स मोत्सिएलोआ यांनी १९३८ मध्ये ‘इव्हनिंग बर्ड्‌स’ना हेरले. पुढच्या वर्षी जोहान्सबर्गच्या स्टुडिओत या चमूने ‘म्बुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ‘म्बुबे’ म्हणजे झुलू भाषेत सिंह. लहानपणी गुरे राखताना सिंहाशी पडलेल्या गाठीची आठवण या गाण्यामागे असल्याचे सांगितले जाते.

गाण्याची रचना अगदी साधी आहे. मोजक्या स्वरमेळांचे आवर्तन पुन:पुन्हा येत राहते. खालचे गायक सिंहाला उद्देशून एकच शब्द घोळवत राहतात आणि त्यावर लिंडा आपल्या मनाप्रमाणे स्वर घेत जातात. गाणे संपता संपता त्यांनी अचानक एक सुरावट घेतली. ती आधी बसवलेली नव्हती. गाता गाता सुचलेली होती. अवघ्या काही सेकंदांची हीच सुरावट पुढे इंग्रजी गाण्याचा मुखडा झाली.

‘म्बुबे’ कमालीचे गाजले. १९४० चे दशक संपेपर्यंत त्याच्या सुमारे एक लाख प्रती आफ्रिकेत खपल्या, असे मानले जाते. एवढेच नव्हे, तर झुलू पुरुषांच्या या समूहगायनाच्या शैलीलाच ‘म्बुबे’ हे नाव पडले. याच परंपरेतून पुढे ‘इसिकाथामिया’ ही अधिक हळुवार शैली विकसित झाली. या शैलीत पाय न वाजवता, मांजराच्या चालीने पावले टाकली जातात. अमेरिकी गायक पॉल सायमन यांच्या ‘ग्रेसलँड’ या १९८६ मधील अल्बममुळे जगाला माहीत झालेला ‘लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो’ हा चमू याच घराण्यातला.

लिंडा यांना काय मिळाले? गाण्याचे हक्क त्यांनी गॅलोला अवघ्या १० शिलिंगांत दिले. कंपनीत त्यांना मालाच्या बांधणीचे काम मिळाले. आपल्याच गाण्याच्या तबकड्या जेथून दुकानांत रवाना होत, त्या खात्यात हा गायक मजुरी करीत होता. गाण्यावर रॉयल्टी नावाचा काही हक्क असतो, हे त्यांच्यासारख्या कामगार गायकाला कुणी समजावून सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

‘विमोवे’चा जन्म

गाणे अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेले ते अ‍ॅलन लोमॅक्स यांच्यामुळे. लोमॅक्स हे लोकसंगीताचे मोठे संग्राहक. आफ्रिकेतून आलेल्या तबकड्यांचा एक गठ्ठा त्यांच्या हाती आला. त्यांनी तो आपले मित्र, गायक पीट सीगर यांच्याकडे दिला. सीगर यांना ‘म्बुबे’ने झपाटून टाकले. त्यांनी ते पुन:पुन्हा ऐकून कागदावर उतरवले. मात्र झुलू शब्द त्यांना नीट उमगले नाहीत. मूळ गाण्यातील ‘उयिम्बुबे’, म्हणजे ‘तू सिंह आहेस’, हा शब्द त्यांच्या कानाला ‘विमोवे’ असा ऐकू आला. सीगर यांच्या ‘द वीव्हर्स’ या चमूने याच नावाने गाणे ध्वनिमुद्रित केले आणि १९५२ च्या सुरुवातीला ते अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत झळकले.

येथे एक कळीची गोष्ट घडली. हे गाणे पारंपरिक आफ्रिकी लोकगीत आहे, असे गृहीत धरले गेले. लोकगीताला कर्ता नसतो आणि ज्याला कर्ता नाही त्याला मानधन देण्याचा प्रश्न येत नाही. पण त्याची नवी मांडणी करणाऱ्याला मात्र हक्क सांगता येतो. त्यासाठी ‘पॉल कॅम्पबेल’ या नावाने गाण्याची नोंद झाली. या नावाचा कुणीही मनुष्य नव्हता. लोकगीतांवरील हक्कांसाठी ‘वीव्हर्स’ने वापरलेले ते टोपणनाव होते. अशा रीतीने हयात असलेल्या कर्त्याच्या जागी अस्तित्वात नसलेला कर्ता बसवला गेला.

वास्तविक गाणे कुणाचे आहे हे फार काळ गुपित राहिले नाही. गॅलोने हक्काचा प्रश्न उपस्थित केला होता. पण त्याची परिणती दोन कंपन्यांतील देवघेवीत झाली. गॅलोने अमेरिकेतील हक्क सोडले आणि आफ्रिकेतील काही प्रदेशांपुरते हक्क स्वत:कडे ठेवले. लिंडा या व्यवहारात कुठेच नव्हते. सीगर यांना सत्य समजल्यावर त्यांनी लिंडा यांना एक हजार डॉलरचा धनादेश पाठवला आणि आपल्या वाट्याची रॉयल्टी त्यांना द्यावी, असे प्रकाशकांना सांगितले. ती नियमितपणे पोहोचते आहे की नाही, याचा पाठपुरावा मात्र त्यांच्याकडून झाला नाही. उतारवयात सीगर यांनी ही चूक मोकळेपणाने मान्य केली होती.

पहिल्या क्रमांकावर

‘वीव्हर्स’नंतर ‘किंग्स्टन ट्रायो’ने १९५९ मध्ये हे गाणे गायले. दक्षिण आफ्रिकेच्या मिरियम मकेबा यांनी १९६० मध्ये आपल्या पहिल्या अमेरिकी अल्बममध्ये ते ‘म्बुबे’ या मूळ नावानेच घेतले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिका सरकारने मकेबा यांना मायदेशी परतण्यास मज्जाव केला. गाण्याला जगाची दारे उघडत असताना त्या मातीतल्या गायिकेला स्वत:च्या घराचे दार बंद झाले होते.

मात्र गाण्याला आजचे रूप दिले ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील ‘द टोकन्स’ या तरुण चमूने. जे सीगल हे या चमूचे मुख्य गायक. निर्माते ह्यूगो पेरेटी आणि लुइजी क्रिएटोर यांना गाणे आवडले. पण त्याला इंग्रजी शब्द हवे होते. ते काम जॉर्ज डेव्हिड वाइस यांच्याकडे आले. एल्व्हिस प्रेस्ली यांच्या ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ या गाण्यांच्या कर्त्यांपैकी एक ते हेच वाइस. लिंडा यांनी शेवटी सहज घेतलेली सुरावट वाइस यांनी गाण्याचा कणा बनवली आणि तिच्यावर जंगलात झोपलेल्या सिंहाचे शब्द बसवले.

सिंह झोपला कसा, याचाही एक किस्सा आहे. हे गाणे शाका या झुलू राजाबद्दलचे असून हा सिंहासारखा राजा मेला नाही, तर निद्रिस्त झाला आहे, अशी आख्यायिका सीगर सांगत असत. प्रत्यक्षात शाकाचा १८२८ मध्ये त्याच्या सावत्र भावांनी खून केला होता आणि लिंडा यांच्या गाण्यातला सिंह हा गुरांवर चालून येणारा सिंह होता. सिंह दाट जंगलात नव्हे, तर मुख्यत: गवताळ प्रदेशात राहतो, हा तपशीलही इंग्रजी गाण्यात हरवला. शब्द चुकीचा ऐकला गेला, अर्थ चुकीचा लावला गेला, प्राण्याचे घर बदलले. चाल मात्र तीच राहिली.

‘टोकन्स’ना स्वत:ला या गाण्याबद्दल फारशी खात्री नव्हती. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये ते तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे दुय्यम गाणे म्हणून प्रसिद्ध झाले. रेडिओ निवेदकांनी तबकडी उलटी करून हीच बाजू वाजवायला सुरुवात केली आणि डिसेंबरमध्ये गाणे ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. तेथे ते तीन आठवडे राहिले. कर्ते म्हणून नावे होती वाइस, पेरेटी आणि क्रिएटोर यांची.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, सॉलोमन लिंडा यांचे मूत्रपिंडाच्या विकाराने निधन झाले. त्यांचे वय ५३ होते. बँकेच्या खात्यात जेमतेम काही डॉलर होतील इतकीच शिल्लक होती. त्यांच्या कबरीवर दगड बसवण्याइतके पैसे जमवायला पत्नीला १८ वर्षे लागली.

गाणे टिकले का?

एखादे गाणे गाजणे वेगळे आणि टिकणे वेगळे. १९६१ मध्ये गाजलेली बहुतेक गाणी आज जाणकारांनाच आठवतात. हे गाणे मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी नव्या पोशाखात परत आले. ब्रिटनमध्ये कार्ल डेन्व्हर यांनी १९६२ मध्ये ‘विमोवे’ गाऊन पहिल्या पाचांत स्थान मिळवले. अमेरिकेत १९७२ मध्ये रॉबर्ट जॉन यांनी ते पुन्हा तिसऱ्या क्रमांकापर्यंत नेले. प्रयोगशील संगीतकार म्हणून ओळखले जाणारे ब्रायन ईनो यांनाही १९७५ मध्ये ते गावेसे वाटले. १९८२ मध्ये ‘टाइट फिट’ या चमूने ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेऊन ठेवले. ‘आर. ई. एम.’ या रॉक चमूने १९९२ मध्ये आपल्या एका गाण्याचे शीर्षकच या गाण्यावरून बेतले. ‘फ्रेंड्‌स’ या लोकप्रिय मालिकेच्या १९९६ मधील एका भागात रॉस आपल्या दुरावलेल्या माकडाला ओळख पटवण्यासाठी हेच गाणे म्हणतो.

या दीर्घायुष्याची कारणे गाण्याच्या घडणीत आहेत. पहिले कारण म्हणजे ‘विमोवे’ हा शब्द. त्याला कोणत्याच भाषेत अर्थ नाही. त्यामुळे तो कोणत्याही भाषेच्या माणसाला परका वाटत नाही. दुसरे, आवर्तन छोटे आणि सोपे असल्याने लहान मुलेही ते चटकन धरतात. तिसरे, गाण्याला वाद्यांची गरज नाही. पाच-सहा जण खालचा ठेका धरतात, एखादा उंच आवाजाचा मुलगा वरची सुरावट घेतो आणि गाणे उभे राहते. जोहान्सबर्गच्या वसतिगृहात वाद्यांवाचून विकसित झालेली रीत अमेरिकेतील शाळांच्या वृंदगानाला जशीच्या तशी उपयोगी पडली. चौथे कारण चित्रपट आणि जाहिरातवाल्यांच्या सोयीचे आहे. गाण्याचे पहिले दोन सेकंद ऐकताच श्रोत्याच्या डोळ्यांपुढे आफ्रिका, प्राणी आणि थोडीशी गंमत उभी राहते. त्यासाठी वेगळे काही दाखवावे लागत नाही.

‘लायन किंग’ने या ओळखीवर कळस चढवला. चित्रपटापाठोपाठ १९९७ मध्ये ब्रॉडवेवर त्याचे संगीत नाटक आले आणि गाणे तेथेही गेले. २०१९ मध्ये चित्रपटाची नवी आवृत्ती आली, तेव्हा टिमॉन आणि पुम्बा यांच्या तोंडी हे गाणे पुन्हा होते. या आवृत्तीच्या हिंदी रूपांतरात टिमॉनला आवाज दिला तो मराठी अभिनेते श्रेयस तळपदे यांनी.

पैसा कुठून आणि कुणाकडे

अशा गाण्यातून पैसा तीन वाटांनी येतो. तबकडी किंवा कॅसेट विकली गेली की प्रत्येक प्रतीमागे रचनाकाराचा वाटा असतो. रेडिओवर, दूरचित्रवाणीवर किंवा जाहीर कार्यक्रमात गाणे वाजले की सादरीकरणाचे शुल्क जमा होते. चित्रपटात किंवा जाहिरातीत गाणे वापरायचे तर त्याचा परवाना स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो. या तिन्ही वाटा शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात: कागदावर रचनाकार म्हणून नाव कुणाचे आहे?

१९९० च्या सुमारास या प्रश्नावर अमेरिकेतच भांडण जुंपले. ‘विमोवे’चे प्रकाशक एका बाजूला आणि वाइस व त्यांचे सहकारी दुसऱ्या बाजूला. वाद लवादापुढे गेला आणि पुढे १९९३ मध्ये अपील न्यायालयापर्यंत पोहोचला. वाइस यांची बाजू सरस ठरली. ज्यांच्या वडिलांच्या चालीवरून हा वाद पेटला होता, त्या लिंडा यांच्या मुली या खटल्यात पक्षकार नव्हत्या. त्या जोहान्सबर्गजवळच्या सोवेतो या वस्तीत हलाखीत दिवस काढीत होत्या. मधल्या काळात लिंडा यांची पत्नी आणि मुली यांच्याकडून हक्कांच्या कागदांवर सह्याही घेतल्या गेल्या होत्या. मुलींपैकी एकीचे २००१ मध्ये एड्सने निधन झाले.

ही सगळी कहाणी जगापुढे मांडली ती रायन मालन या दक्षिण आफ्रिकी लेखकाने. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी मासिकात २००० मध्ये त्यांचा प्रदीर्घ लेख प्रसिद्ध झाला. या गाण्याने एकूण दीड कोटी डॉलरच्या घरात कमाई केली असावी, असा अंदाज त्यात होता. दोन वर्षांनी फ्रान्स्वा व्हर्स्टर यांचा ‘अ लायन्स ट्रेल’ हा माहितीपट आला. त्याला पुढे २००६ मध्ये एमी पुरस्कार मिळाला.

जुना कायदा कामी आला

वरवर पाहता मुलींना काहीच आशा नव्हती. वडिलांनी हक्क विकले होते, आईने सही केली होती, त्यांनी स्वत:ही सह्या केल्या होत्या. मात्र ओवेन डीन या दक्षिण आफ्रिकी कायदेतज्ज्ञाच्या नजरेने एक जुनी तरतूद हेरली.

लिंडा यांनी गाणे ध्वनिमुद्रित केले तेव्हा दक्षिण आफ्रिकेत ब्रिटनचा १९११ चा कॉपीराइट कायदा लागू होता. हा कायदा साम्राज्यभर पसरला होता. भारतातही तो १९१४ च्या कायद्यामार्फत आला होता आणि १९५७ चा कायदा अमलात येईपर्यंत टिकला. लेखक-कलावंत अडचणीपोटी आपली कृती मातीमोल किमतीला विकून टाकतात आणि त्यांच्या पश्चात घरचे लोक उघड्यावर पडतात, याची जाणीव हा कायदा करणाऱ्यांना होती. म्हणून त्यात अशी तरतूद होती की, रचनाकाराने हयातीत हक्क विकले असले, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते त्याच्या वारसा-मालमत्तेकडे परत यावेत. लिंडा १९६२ मध्ये वारले. म्हणजेच १९८७ पासून, ज्या देशांत हा कायदा चालत होता तेथे, ‘म्बुबे’चे हक्क पुन्हा लिंडा यांच्या मालमत्तेत जमा झाले होते आणि ‘लायन किंग’ आला तो १९९४ मध्ये.

या युक्तिवादाच्या बळावर २००४ मध्ये लिंडा यांच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाने डिस्नेविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत दावा दाखल केला. मागणी सुमारे १६ लाख डॉलरची होती. परदेशी कंपनीला स्थानिक न्यायालयाच्या कक्षेत आणण्यासाठी तिची त्या देशातील मालमत्ता अडकवावी लागते. त्यासाठी डिस्नेची दक्षिण आफ्रिकेत नोंदलेली व्यापारचिन्हे न्यायालयाच्या आदेशाने अडकवण्यात आली. त्यात मिकी माऊसचाही समावेश होता. डिस्नेची बाजू अशी होती की, आपण गाण्याचा परवाना हक्कधारकाकडून रीतसर विकत घेतला आहे.

खटला निकालापर्यंत गेला नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये गाण्याचे जागतिक हक्क सांभाळणाऱ्या अबिलीन म्युझिक या कंपनीने लिंडा यांच्या वारसांशी तडजोड केली. ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे ‘म्बुबे’वरून आलेले आहे, हे मान्य झाले. सॉलोमन लिंडा यांना सहरचनाकार म्हणून स्थान मिळाले. मागील काळासाठी रक्कम आणि पुढील काळासाठी रॉयल्टीचा वाटा ठरला. ही रक्कम जाहीर करण्यात आली नाही. वारसांच्या वतीने पैसा सांभाळण्यासाठी विश्वस्त निधी स्थापन झाला.

तडजोडीनंतर

कहाणी येथे सुखान्त झाली, असे वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. ‘द लायन्स शेअर’ हा माहितीपट २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. तडजोडीतून मिळणारी रॉयल्टी २०१७ मध्ये थांबल्याचे आणि निधीतील पैशाच्या व्यवहाराबद्दल मुलींच्या मनात शंका असल्याचे त्यात दिसते. ‘लायन किंग’च्या नव्या आवृत्तीने जगभर तिकीट खिडकीवर गर्दी खेचली, त्याच वर्षीची ही गोष्ट. दक्षिण आफ्रिकेत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी कॉपीराइट संपतो. त्या हिशेबाने लिंडा यांच्या मायदेशात ‘म्बुबे’वरील हक्काची मुदत २०१२ अखेर संपली. आयुष्यभर आणि मृत्यूनंतरही ज्या हक्काची ओळख नाकारली गेली, तो मान्य झाल्यानंतर जेमतेम सहा वर्षे टिकला.

तरीही २००६ च्या तडजोडीचे मोल कमी नाही. ‘पारंपरिक’ किंवा ‘लोकगीत’ असा शिक्का मारून एखाद्या हयात कलावंताला खोडून टाकता येणार नाही, हे या प्रकरणाने ठळकपणे पुढे आणले. आशिया-आफ्रिकेतील कित्येक चाली अशाच शिक्क्याखाली जगभर फिरत असतात. कलावंताने गरजेपोटी एकदा केलेली सही ही त्याच्या वारसांच्याही हक्कावरची अखेरची सही मानावी काय, हा प्रश्न आपल्याकडेही परका नाही. चित्रपटगीतांचे सर्व हक्क एकरकमी मानधनात निर्मात्याला देऊन टाकण्याची रीत भारतात दीर्घकाळ चालली. जावेद अख्तर आदींनी धरलेल्या आग्रहानंतर २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा आपला वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद आली. १९११ च्या कायद्यातील त्या कलमामागचा विचार आणि या दुरुस्तीमागचा विचार एकच आहे. सौदा करताना दोन्ही बाजू सारख्या ताकदीच्या नसतात, हे कायद्याने ओळखले पाहिजे.

वाइस, पेरेटी आणि क्रिएटोर यांचे काम खोटे होते, असे यातून म्हणता येणार नाही. एका झुलू समूहगीताचे तीन मिनिटांच्या अमेरिकी पॉप गाण्यात रूपांतर करणे हीदेखील कारागिरी होती आणि ‘टोकन्स’च्या गायनाशिवाय हे गाणे आजच्या घराघरांत पोहोचले नसते. पण इमारतीच्या दर्शनी भागावर चार नावे असायला हवी होती आणि पंचेचाळीस वर्षे तेथे तीनच होती.

१९३९ ची मूळ ध्वनिमुद्रिका आज इंटरनेटवर कुणालाही ऐकता येते. ती तीन मिनिटांहूनही कमी आहे. बराच वेळ ओळखीचे काही सापडत नाही. खालचे जाड आवाज फिरत राहतात आणि त्यावर एक बारीक आवाज आरोळ्या देत राहतो. मग शेवटाजवळ तोच आवाज एकदम ती सुरावट घेतो आणि ऐकणारा दचकतो. टिमॉन जे गुणगुणत होता, ते हेच.